अँटवर्प ते लंडन : तिकिटावरचा तास आणि वाटेवरचे तास

बेल्जियममधील अँटवर्पचे मध्यवर्ती रेल्वेस्थानक १९०५ साली पूर्ण झाले. त्याच्या भव्य घुमटालगतच हिऱ्यांची जगप्रसिद्ध पेठ आहे. पालनपूर परिसरातून आलेल्या अनेक जैन कुटुंबांनी या पेठेत आपला व्यापार उभारला आणि शहराच्या विलरिक भागात संगमरवरी जिनमंदिरही बांधले. या कुटुंबांचे लंडन व लेस्टर येथील आप्तांकडे जाणे-येणे असते. अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो, विमान की रेल्वे?

ब्रुसेल्स विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे मुंबई-सोलापूर सरळ रेषेत मोजल्यास जेवढे भरेल तेवढेच. विमानाच्या वेळापत्रकात त्यासाठी साधारण सव्वा तास दिलेला असतो. घड्याळाकडे पाहिले तर नवल वाटते. सकाळी दहाला निघालेले विमान सव्वादहाला उतरते, कारण लंडनचे घड्याळ ब्रुसेल्सच्या एक तास मागे आहे. परतताना हाच तास फेडावा लागतो.

मात्र व्यापारी माणूस वरवरच्या भावावर सौदा ठरवीत नाही. वाहतूक, हमाली, जकात सारे धरून पडताळा काढतो. प्रवासाचाही तसाच पडताळा काढावा. अँटवर्पहून विमानतळ सुमारे पस्तीस मिनिटे, उड्डाणापूर्वी दोन तास, पुढे सव्वा तासाचे उड्डाण, पारपत्र-तपासणी व सामान यांत पाऊण-एक तास आणि हीथ्रोहून शहरात पोहोचण्यास आणखी एक तास. बेरीज पावणेसहा तासांच्या आसपास जाते.

रेल्वेने ब्रुसेल्सपर्यंत पाऊण-एक तास, तपासणीसाठी एक तास आणि पुढे लंडनपर्यंत सुमारे दोन तास लागतात. वाटेत १९९४ साली खुला झालेला खाडीखालचा बोगदा येतो. पन्नास किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचा सुमारे अडतीस किलोमीटरचा भाग समुद्रतळाखाली आहे. इंग्लंडची पारपत्र-तपासणी ब्रुसेल्सलाच होते. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनी मात्र शेंगेनचा व्हिसा इंग्लंडमध्ये चालत नाही, हे निघण्यापूर्वीच ध्यानी ठेवावे. एकूण चार तासांत गाडी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात पोहोचते. लेस्टरच्या गाड्याही तेथूनच सुटतात आणि सव्वा तासाच्या आत-बाहेर पोहोचवितात.

लेस्टरचे जैन केंद्र एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या वास्तूत आहे. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर व स्थानकवासी अशा साऱ्यांना त्या एकाच छताखाली स्थान आहे.

रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने हा हिशेब केवळ सोयीचा उरत नाही. डिसेंबरमध्ये लेस्टरला दुपारी पावणेचार-चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. अँटवर्पहून सकाळी नऊला निघालेले आजी-आजोबा रेल्वेने स्थानिक वेळेप्रमाणे पावणेदोनपर्यंत लेस्टरला पोहोचतात. दर्शन आणि भोजन दोन्ही निवांत होते. त्याच वेळी विमानासाठी निघालेल्यांना पोहोचेपर्यंत सव्वातीन वाजतात. मग दर्शन घ्यावे की आधी पानावर बसावे, अशी धांदल उडते. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा ही चिंता नसते. हिवाळ्यात मात्र तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ पाहावी, आणि ती पोहोचण्याच्या गावची पाहावी.