बिनदाढीचे कुळ

एखाद्यापाशी जे नाही, तेच त्याचे नाव होऊन बसते, याची मला नेहमी मौज वाटते. लिनीयसने १७५८ साली भूमध्य समुद्रातील एका तांबड्या माशाला हनुवटीवर दाढीसारखे तंतू असणाऱ्या माशांच्या प्रजातीत बसविले, आणि नावापुढे विशेषण जोडले 'दाढी नसलेला'! १८०१ मध्ये लासेपेदने त्याला वेगळे घर दिले खरे. पण दारावर पाटी तीच ठोकली. 'अपोगॉन' म्हणजे ग्रीकमध्ये दाढीविना. पुढे सबंध कुळाला तेच नाव चिकटले. परप्रांतात 'हे इकडचे नव्हेत' एवढ्याच ओळखीवर निम्मे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या कुळाविषयी आपुलकी वाटावी, यात नवल ते काय?

मला भेटलेला मासा प्रवाळांतला. आमच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यातील काचेच्या पेटीत तो होता. बोटभर लांबी, रुपेरी अंगावर काळे पट्टे व पांढरे ठिपके, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. नाव बांगाई कार्डिनल. कार्डिनल म्हणजे तांबडा झगा घालणारे रोमन धर्माधिकारी. याच्या अंगावर तांबडेपणाचा लवलेश नाही!

सुलावेसीच्या पूर्वेस असलेल्या बांगाई बेटांपाशी स्वीडिश संशोधक वॉल्टर काउडर्न यांना तो १९२० मध्ये मिळाला. १९३३ मध्ये कूमान्स या डच शास्त्रज्ञाने 'टेरापोगॉन काउडर्नी' असे त्याचे बारसे केले. पंख दिले, पण दाढीचा उणेपणा काही सुटला नाही. मग साठ वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. १९९४ मध्ये जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा शोधला आणि त्याच्या सुखाला दृष्ट लागली. या शतकाच्या आरंभी दरसाल सहा-सात लाख मासे पेट्यांसाठी पकडले जात, असा अंदाज आहे. २००७ मध्ये तो संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत गेला.

याची अंडी आणि पिले बाप तोंडात सांभाळतो. महिनाभर अन्नाला शिवत नाही. इतर प्रवाळमाशांची पिले प्रवाहाबरोबर दूरदेशी जातात; ही बापाच्या अंगणातच, सी-अर्चिनच्या काट्यांत आसरा घेतात. म्हणूनच एके ठिकाणचे मासे संपले, की ती जागा भरायला दुसरीकडून सहसा कोणी येत नाही.

पूर्वी हे कुळ पर्च माशांच्या अवाढव्य गणात कोंबलेले असे. या शतकात जनुकांची तुलना झाली आणि त्याला 'कुर्टस' माशाशेजारी बसविण्यात आले. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूगिनी येथील नद्यांत राहणाऱ्या कुर्टसचा नर कपाळावरच्या आकड्याला अंड्यांचा घोस अडकवून हिंडतो. हनुवट्या तपासून जो सोयरा कोणाला सापडला नव्हता, तो असा निघाला: एकाची पिले तोंडात, दुसऱ्याची कपाळावर.