नातवाचे प्रोबेशन

कस्पटे वस्तीत राहणारे एक आजोबा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात येतात. वय ७४, पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त, गोळी कधीही न चुकवणारे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गेल्या पावसाळ्यात ते एकदा महिन्याच्या मध्यालाच आले. रक्तदाब १७४/९८ भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक पडला नाही. काय बिनसले असावे, याचा मी विचार करत असतानाच त्यांनी कापडी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“एवढं वाचून सांगता का डॉक्टर? चष्मा विसरलोय घरी.”

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दिसत होता.

पत्र इंग्रजीत होते आणि नातवाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून आले होते. मुलगा आणि सून नोकरीसाठी जर्मनीत असतात. नातू इथे दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात. कागदोपत्री स्थानिक पालक म्हणून आजोबांचे नाव. एका रात्री चार मुलांनी गंमत म्हणून वसतिगृहातील आग विझवण्याचे लाल सिलिंडर जिन्यात फवारले. आवाज ऐकून वर धावत आलेल्या रखवालदाराचा पाय त्या पांढऱ्या पावडरीवरून घसरला आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. शिस्तपालन समितीने चौघांनाही दोन सत्रांच्या प्रोबेशनवर ठेवले होते.

“आमच्या कंपनीत सहा महिने प्रोबेशन असायचं,” आजोबा म्हणाले. “काम जमलं की परमनंट. ह्याला आता कशात परमनंट करणार?”

प्रश्न उपरोधाने विचारलेला नव्हता. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात या शब्दाचा हाच अर्थ घरोघरी रुजलेला आहे. मला मात्र त्याचा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागला. कारखान्यातील प्रोबेशनमध्ये विश्वास अजून कमवायचा असतो. महाविद्यालयातील प्रोबेशनमध्ये असलेला विश्वास गमावलेला असतो आणि तो ठरावीक मुदतीत परत मिळवायचा असतो. सरकारी मराठीत याला ‘परिवीक्षा’ म्हणतात. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय एखाद्या दोषी व्यक्तीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकते. महाविद्यालय म्हणजे न्यायालय नव्हे, पण कल्पना तीच: दोष ठरला आहे, कठोर शिक्षा हाताशी राखून ठेवली आहे आणि ती अमलात येणार की नाही, हे पुढच्या वागण्यावर अवलंबून आहे.

म्हणून अशा पत्रात दोष काय ठरला, याच्याइतक्याच अटी महत्त्वाच्या असतात. त्या मी आजोबांना एकेक करून वाचून दाखवल्या. वसतिगृह सोडणे, सिलिंडरची व उपचारांची भरपाई चौघांनी मिळून देणे, वर्षभर महाविद्यालयाच्या महोत्सवात कोणतेही पद न घेणे आणि दर महिन्याला नेमून दिलेल्या प्राध्यापकांना भेटणे. शेवटची अट सर्वांत जड होती. या काळात दुसरा कोणताही नियमभंग झाल्यास प्रकरण पुन्हा समितीपुढे जाऊन दोन सत्रांचे निलंबन होऊ शकते. निलंबन म्हणजे वर्ष वाया. वर्गात बसणे, परीक्षा देणे मात्र चालूच राहणार होते, आणि आजोबांना नेमके हेच कुणी सांगितलेले नव्हते. मुलाला कॉलेजातून काढले, असेच त्यांनी तीन रात्री धरून ठेवले होते.

मी त्यांना आणखी काही गोष्टी विचारल्या. आधी कारणे दाखवा नोटीस आली होती का? मुलाला समितीसमोर आपले म्हणणे मांडू दिले का? आदेश लेखी आहे का, त्यावर फेरविचार कुणाकडे मागायचा हे लिहिले आहे का? तिन्हींची उत्तरे ‘होय’ आली. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरील मजकुरावरून एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला तिचे म्हणणे न ऐकताच काढून टाकले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा झाला. चूक कितीही मोठी वाटली तरी शिक्षेपूर्वी ऐकून घेणे संस्थेला टाळता येत नाही. उलट, मुलाने सारे कबूल केले असेल आणि शिक्षा बेताची असेल, तर केवळ प्रतिष्ठेपायी वकिलाकडे धावण्यातही शहाणपण नाही.

पत्राखाली पालकाच्या सहीची जागा कोरी होती. आजोबांचा रक्तदाब तिथेच अडकला होता. “सही केली म्हणजे मीही कबूल केल्यासारखं नाही का? मुलगा मला काय म्हणेल?” मुलाला जर्मनीत अजून काही कळवलेलेच नव्हते.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागली. ती मी दवाखान्यात सहसा सांगत नाही.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात आम्ही पाच-सहा जणांनी नव्याने आलेल्या एका मुलाला रात्री दोनपर्यंत गच्चीवर उभे केले होते. गाणी म्हणायला लावली, आणखीही काही केले, जे इथे लिहवत नाही. त्याने तक्रार केली. अधिष्ठात्यांनी आमच्या वडिलांना बोलावले. माझे वडील पाळीत काम करत. एक दिवसाचा पगार बुडवून ते आले, इंग्रजी हमीपत्रावर मराठीत सही केली आणि माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. रागावतील, निदान एक थोबाडीत देतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारले, “त्या पोराचं नाव काय?”

मला नाव माहीत नव्हते. रात्री दोनपर्यंत आम्ही त्याला निरनिराळ्या नावांनी हाका मारल्या होत्या. खरे नाव कुणी विचारलेच नव्हते. बस आली, वडील गेले. पुढे त्यांनी तो विषय कधीही काढला नाही.

तो काळ १९९९ पूर्वीचा. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा त्या वर्षी आला. त्यानुसार तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षे कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे आज विद्यार्थी व पालक दोघांनाही आधीच शपथपत्र द्यावे लागते. माझा प्रकार आज घडला असता, तर हमीपत्रावर भागले नसते आणि माझ्या दारावर डॉक्टरची पाटी लागली असती की नाही, कुणास ठाऊक. तरीही हा कायदा कठोर आहे, असे मी म्हणणार नाही. मला दुसरी संधी मिळाली, एवढेच मी जाणतो. तो मुलगा पुढच्या सत्रात वसतिगृहात दिसला नाही. त्याचे काय झाले, याची चौकशी मी तेव्हाही केली नाही.

आजोबा गप्प होते. मग मी विचारले, “त्या रखवालदाराचं नाव काय हो?”

त्यांना माहीत नव्हते. पत्रातही नव्हते; तिथे फक्त ‘सुरक्षा कर्मचारी’ असे होते.

गोळ्या मी बदलल्या नाहीत. मन असे ढवळून निघालेले असताना एका मोजणीवरून औषध वाढवू नये. छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही असते, तर गोष्ट वेगळी. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून घरी मोजायला सांगितले. सही करण्यापूर्वी मुलाला फोन करा, पत्राची एक प्रत घरी ठेवा आणि मासिक भेटींच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, हेही सांगितले. नातू घरी राहायला येणार होता, म्हणून थोडे अधिक बोललो. घरात दुसरी शिस्तपालन समिती बसवू नका. जेवणाच्या ताटावर तो विषय नको. मात्र तो जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीचे दार लावून बसत असेल, ‘सगळं संपलं’ असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि तडक माझ्याकडे आणा. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावरही मानसिक आरोग्यासाठी मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक मी त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला.

सहा आठवड्यांनी आजोबा पुन्हा आले. रखवालदाराचे नाव त्यांनी दारातूनच सांगितले. गृहस्थ लातूरकडचे, वय ६१. प्लास्टर निघाले आहे, पण मूठ अजून नीट वळत नाही. आता त्यांना दिवसपाळी दिली आहे. पहिल्यांदा भेटायला आजोबा एकटेच गेले होते, दुसऱ्यांदा नातू बरोबर होता. “बोलला काहीच नाही,” आजोबा म्हणाले, “नुसता उभा राहिला. त्यांनीच मग चहा मागवला.”

घरातले सगळे सुरळीत आहे, असेही नाही. नातू रात्री उशिरापर्यंत जागतो, आजोबा पहाटे पाचला रेडिओ लावतात, त्यावरून रोज कुरबुर होते. मुलगा जर्मनीहून फोनवर दोघांनाही ओरडला. मनगटासाठी फिजिओथेरपी लागणार आहे. तिचा खर्च भरपाईत धरलेला नव्हता, तो चौघांनी वाटून द्यावा, असे नातू इतर तिघांना सांगतो आहे. दोघे तयार आहेत, एकाचे वडील नाही म्हणतात.

रक्तदाब १४२/८४ होता. मी तो वहीत लिहिला आणि काचेतून बाहेर पाहिले. नातू बाकावर मोबाइल घेऊन बसला होता. आत ये म्हटले, तर नुसता हसला आणि मान हलवून तिथेच बसून राहिला. त्याचे प्रोबेशन संपायला अजून आठ महिने आहेत.