पाठीतले पाणी

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशी नष्ट करतो, आणि निरोगी माणसात दर घनमिलिमीटरला साधारणतः ५०० ते १५०० असणारी त्यांची संख्या २००च्या खाली घसरली, की एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही शरीरात बळावतात. अशा आजारांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. भारतात त्यांत क्षयरोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे आणि एआरटी केंद्रांवर, म्हणजे विषाणूला आवर घालणारी औषधे मोफत मिळतात तेथे, त्याविषयी बोललेही जाते. क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे नाव मात्र रुग्णाच्या घरी सहसा कोणी ऐकलेले नसते. कबुतरांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत ही बुरशी आढळते, श्वासावाटे ती पुष्कळांच्या फुफ्फुसांत जाते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. सीडी-फोर १००च्या खाली गेलेल्यांना मात्र तिचा धोका मोठा असतो.

प्रस्तुत लेखकाच्या धाकट्या भावाची संख्या ३८ होती. यंत्रमागाच्या कामासाठी तो भिवंडीला गेला, नव्या ठिकाणी नाव नोंदवले तर मालकाला कळेल या भीतीने त्याने केंद्र बदलून घेतले नाही, आणि औषधे सुटली. पुढे महिनाभर डोके दुखत राहिले. आधी अर्धशिशी, मग चष्मा, मग सायनस असे उपचार झाले. या आजारात शरीराची प्रतिकाराची ताकदच संपलेली असल्यामुळे ताप बेताचा असतो आणि मानही अनेकदा आखडत नाही, त्यामुळे त्या डॉक्टरांना दोष देणे योग्य नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. रुग्णालयात दाखल केले त्याच रात्री निवासी डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल असे सांगितले आणि संमतीचा कागद पुढे केला. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो, ही समजूत गावोगाव इतकी पक्की आहे की जमलेल्या नातेवाइकांपैकी प्रत्येकाकडे तिचा एकेक दाखला होता. मुळात अत्यवस्थ रुग्णांचेच पाणी काढले जाते आणि त्यांतील काही मूळ आजाराने दगावतात, हे तेथे कोणाच्याही ध्यानात आले नाही. लेखक पदवीधर आणि वयाने थोरला, म्हणून निर्णय त्याच्यावर आला, आणि त्याने नकाराची सही केली. कागद इंग्रजीत होता व त्यात संभाव्य धोक्यांची यादी होती. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये जाते आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, हे एक वाक्य त्यात नव्हते, आणि ते कोणी तोंडीही सांगितले नाही. त्याहून महत्त्वाची गोष्टही सांगितली गेली नाही. ही बुरशी मेंदूभोवतीच्या द्रवाचा निचरा अडवते, कवटीत दाब वाढतो, त्या दाबाने असह्य डोकेदुखी होते आणि दृष्टीही जाऊ शकते; म्हणून या आजारात पाणी काढणे ही केवळ तपासणी नसून तो उपचारच असतो. वॉर्डात ‘एचआयव्हीचा पेशंट कुठे आहे’ असे मोठ्याने विचारायला वेळ होता, आणि हे समजावायला दोन मिनिटे नव्हती. रुग्णाच्या आजाराची गुप्तता राखण्याचे बंधन घालणारा कायदा २०१७ साली झाला आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी भावाला एकाची दोन माणसे दिसू लागली, तेव्हा एका ज्येष्ठ परिचारिकेने खाटेशी बसून स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून सुई कोठे जाते ते दाखवले, आणि सही झाली. द्रवाचा दाब २० सेंटिमीटरपर्यंत असणे अपेक्षित असताना तो ४०च्या वर निघाला. शाईत मिसळलेल्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली तेजोवलय असलेल्या गोल पेशी दिसल्या आणि निदान पक्के झाले. त्याच संध्याकाळी, महिन्यानंतर प्रथमच, भावाने डोके हलके झाल्याचे सांगून चहा मागितला. लेखकाला आनंद झाला नाही, कारण हे पहिल्याच रात्री होऊ शकले असते.

पुढे शिरेतून अ‍ॅम्फोटेरिसिन, त्याने येणारी हुडहुडी, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवण्यासाठी वरचेवर होणाऱ्या रक्ततपासण्या आणि नंतर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या असा क्रम झाला. एचआयव्हीची औषधे मात्र चार ते सहा आठवडे थांबवून सुरू करतात, कारण प्रतिकारशक्ती एकाएकी परतली तर मेंदूतील दाह भडकून जीवावर बेतू शकते. हे समजेपर्यंत लेखकाने त्यावरूनही डॉक्टरांशी वाद घातला.

डाव्या डोळ्याची नजर पूर्ण परतली नाही. तीन दिवसांमुळे ती गेली की आधीच्या महिन्यामुळे, हे कोणी निश्चित सांगू शकत नाही, आणि डोकेदुखीच्या रुग्णाला एचआयव्हीबद्दल एकदाही न विचारणाऱ्या त्या पहिल्या डॉक्टरांना दोष देऊ नये असे वर लिहिले असले, तरी ते मनापासून पटलेले नाही. दाब उतरेपर्यंत पाणी आणखी सहा वेळा काढावे लागले. दुसऱ्या खेपेपासून भाऊ डॉक्टर दिसताच आपणहून कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेई, आणि सहीचा कागद लेखकापुढे येण्याआधी स्वतःकडे मागून घेई.