पॅडी गेले

४ मार्च २०२५

उंबऱ्यावर बसून पेपर उघडला. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर, आमचे पॅडी, काल गेले. चहा तसाच निवला. पंधरवड्यापूर्वी मुंबईचेच क्रिकेटपटू मिलिंद रेगे, आता पॅडी.

पहिली पाळी सुटली की बाबा मला वरळीच्या जांबोरी मैदानात न्यायचे. लव गेलेला टेनिस बॉल डाव्या हातात, तर्जनी जराशी वाकवलेली. "हे बघ, पॅडी असा सोडतो." १९७३ची मद्रासची रणजी फायनल त्यांना तोंडपाठ होती: पॅडीचे १६ धावांत ८ बळी, मग १८ धावांत ५.

प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही! त्याच जागेवर भारतीय संघात बिशनसिंग बेदी होते, कबूल. तरी एक तरी कसोटी पॅडींच्या हक्काची होती.

बाबांच्या फोटोखाली तो बॉल अजून आहे. हे घर सोडून नव्या टॉवरमध्ये जाताना आधी तो पिशवीत घालणार.