एक प्रश्नपत्रिका, अनेक केंद्रे

गुंजीसारख्या गावात दोन लिप्या लहानपणीच अंगवळणी पडतात. बसची पाटी कन्नडमध्ये, घरातली पोथी मराठीत. एकच नाव दोन रूपांत दिसणे आम्हांला नवे नाही. परंतु शिष्यवृत्तीच्या एका अर्जावर ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शाळेच्या संगणकावर नीट दिसले आणि दुसऱ्या संगणकावर त्याचे नुसते चौकोन झाले, तेव्हा मात्र मी चक्रावलो.

पुण्याला संगणकक्षेत्रात असलेला एक माजी विद्यार्थी गणपतीत गावी आला होता. त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, वेबसाइट दिसते ती ब्राउझरमधून. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, प्रत्येकाची मांडण्याची रीत थोडी निराळी. शिवाय यंत्रे निराळी, फाँट निराळे. म्हणून प्रत्येकात तपासावे लागते.”

हे काम हाताने करायचे म्हणजे दिवस जातात. शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत असताना जेसन हगिन्स यांनी २००४ साली ‘सेलेनियम’ हे साधन घडवले. माणसाप्रमाणे ते बटणे दाबते, रकाने भरते आणि निकाल पडताळते. २००८ मध्ये ‘सेलेनियम ग्रिड’ आले. त्याची कल्पना आम्हां शिक्षकांना लगेच कळेल. मुख्य केंद्रातून एकच प्रश्नपत्रिका अनेक केंद्रांवर जाते आणि सर्वत्र एकाच वेळी परीक्षा होते.

ही केंद्रे म्हणजे पूर्वी खरेखुरे संगणक असत. २०१३ मध्ये ‘डॉकर’ आल्यावर कंटेनर रुळले. ब्राउझर आणि त्याला लागणारे सामान एवढेच भरलेली ती एक बंदिस्त खोली. परीक्षा झाली की खोली मोडायची. पुढच्या वेळी पुन्हा कोरी. अशा शेकडो खोल्या दूरच्या यंत्रांवर भाड्याने घेता येतात, त्यालाच क्लाउड म्हणतात. मुंबईत २०११ साली सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी तपासणीसाठी ब्राउझर आणि खरे मोबाइल असेच दुरून पुरवते.

मेख पुढेच आहे. कंटेनर हलका राहावा म्हणून त्यात मोजकेच सामान असते. देवनागरी वा कन्नड फाँट बहुधा नसतात. मग अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. यंत्र मात्र अक्षरांचे संकेतांक पडताळते आणि ते जुळले की ‘उत्तीर्ण’ असा शेरा मारून मोकळे होते! उपाय अवघड नाही. नोटोसारखे मोफत फाँट कंटेनरमध्ये घालावेत, पडद्याचे छायाचित्र घेऊन ते माणसाने एकदा पसंत केलेल्या चित्राशी ताडून पाहावे, आणि चाचणीत आपल्याकडची खरी नावे, ऱ्या-ळ सकट, दोन्ही लिप्यांत घालावीत.

परीक्षा कितीही केंद्रांवर घ्या, प्रश्नपत्रिकेत जे नाही ते तपासले जात नाही. सीमेवरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपले नाव त्या प्रश्नपत्रिकेत घातले जावे, हा आग्रह आपणच धरायला हवा. ज्यांची मुले आज पुण्या-बंगळुरात या कामावर आहेत, त्यांनी दिवाळीत ती घरी आली की फराळाबरोबर एवढे त्यांच्या कानावर घालावे.