सोड आता

नाशिकची थंडी आमच्या घरी अंगावर यायच्या आधी कानावर यायची. अंगणातून बाबांच्या किकचा आवाज. एक, दोन, तीन... आणि स्कूटर ढिम्म. मग हाक यायची, "ये गं, चोक धरायला." निफाडचा पारा किती उतरला ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, आम्हाला किका मोजून आधीच कळलेलं असायचं.

गाडी बजाज चेतक, १९८६ची. नंबर लावून, वाट बघून मिळालेली. सीटच्या पुढच्या टोकाखाली पेट्रोलची चावी, आणि तिच्याजवळच चोकचा नॉब. आमचा नॉब सैल झाला होता, ओढला की आपसूक मागे सरकायचा. बाबा एकटे किक मारणार की नॉब धरणार? म्हणून मी. पाचवीतली, गोधडीतून ओढून काढलेली, कानाला मफलर.

बाबा गाडी एकदा बाजूला कलवायचे, सरळ करायचे आणि म्हणायचे, "ओढ." मग किक. इंजिन आधी नुसतं खोकायचं, मग धरायचं. मला परत गोधडीत शिरायची घाई. लगेच नॉब सोडला की गाडी बंद. "घाई केलीस." दुसऱ्या दिवशी चुकायला नको म्हणून घट्ट धरून बसावं, तर आवाज जड व्हायचा, मागे धुराचा लोट. "गुदमरली बघ." या दोन चुकांच्या मध्ये कुठेतरी तो क्षण असायचा. तो फक्त बाबांना ऐकू यायचा. मान किंचित तिरपी करून ते थांबायचे आणि म्हणायचे, "सोड आता. हळू."

बाबा सातपूरला मायकोत होते. डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर तिथे बनायचे. इंधन नेमकं किती आणि कसं फवारायचं, त्याचा सगळा कारभार. तिथे मापं मायक्रॉनमध्ये. आणि तिथे पोहोचण्यासाठी रोज सकाळी पंचवटीतून ज्या स्कूटरवर निघायचे, तिच्या नॉबवर एक साधी रेघसुद्धा नव्हती. मी एकदा त्यांना विचारलंही, "किती वेळ धरायचं ते मोजून का नाही ठेवत?" म्हणाले, "रोजची हवा वेगळी असते ना."

त्या उत्तरात किती शास्त्र होतं ते नंतर कळलं. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन, हवेत मिसळून. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब नळीच्या गार भिंतींना चिकटून राहतात. इंजिनापर्यंत पोहोचतं ते अपुरं. म्हणून सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल द्यायचं. इंजिन तापलं की तेच जास्तीचं त्याला जड होतं.

हे मला खरं शिकवलं ते अशोक स्तंभावरच्या एका फजितीने. कॉलेजची परीक्षा, गाडी पहिल्यांदाच एकटीच्या हातात. नॉब एव्हाना नवा बसवलेला, ओढला की ओढलेलाच राहणारा. मी तो विसरले. रविवार कारंजापर्यंत गाडी भकभकत आली, स्तंभाजवळ मेली. किका मारून घाम फुटला. फुटपाथवरच्या मेकॅनिकने पान्याने प्लग काढून माझ्यापुढे धरला. काळाकुट्ट आणि ओलाचिंब. "ताई, चोक तसाच राहिलाय." त्याने प्लग पुसला, पॉलिश पेपरने घासला, पेट्रोलची चावी बंद करून एक्सलेटर पूर्ण पिळला आणि किका मारून आतलं पेट्रोल उडवून टाकलं. पेपरला वीस मिनिटं उशीर झाला. घरी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. "आवाज बदलला नव्हता का?" एवढंच विचारलं. बदलला होता. मी ऐकला नव्हता.

पुढे माझ्याकडे मोटरसायकल आली. तिच्या कार्बोरेटरला चोकची बारीकशी दांडी होती. ती फिरवली की पट्टी आडवी होऊन हवेची वाट अडायची. म्हणजे नावाप्रमाणे गळाच आवळायची. चेतकचं तसं नव्हतं. तिथे नॉब ओढला की पेट्रोलची एक वेगळी वाट उघडायची. नाव गळा आवळण्याचं, काम घोटभर जास्त पाजण्याचं. इतकी वर्षं मी तिला गुदमरवते आहे असं समजून धरत होते.

कालांतराने जुन्या चेतकचं उत्पादन थांबलं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. लेकीच्या स्कूटरला इंजेक्शन आहे. जानेवारीतही बटण दाबलं की सुरू. थंडी किती ते सेन्सर बघतो, जास्तीचं पेट्रोल किती ते आतला छोटा संगणक ठरवतो, कमीही तोच करतो. म्हणजे चोक गेला नाही, चोक ओढणारा गेला. भल्या पहाटे एकाने दुसऱ्याला हाक मारायचं कारण गेलं.

चेतक अजून आहे. पुन्हा पासिंग करून ठेवलेली, महिन्यातून एकदा सुरू करायची. मागच्या डिसेंबरात बाबांना खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसवलं. त्यांचे कान वयाने मंदावलेत. यंत्र लावायला सांगितलं की ते ड्रॉवरमध्ये ठेवतात. नवा बसवलेला नॉबही आता सैल झालाय. लेक तो धरून बसली, मी किक मारली. सहाव्या किकला इंजिन खोकलं, सातव्याला धरलं. लेकीने माझ्याकडे बघितलं. मला अंदाज येईना.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. उजव्या बाजूच्या फुगीर पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि मान किंचित तिरपी केली. थोडा वेळ गेला.

"सोड आता. हळू."

तिने सोडला. इंजिन चालू राहिलं.

"आजोबा, कळलं कसं तुम्हाला?" ती विचारत होती. त्यांना ते ऐकू गेलं नाही. हात तसाच पत्र्यावर होता.