ठाण्यात गेलेला चित्रकार

नौपाडा, ठाणे

ती. मामांस,


तुम्ही पाठवलेली कॅथरवुडची चित्रं घरात सगळ्यांनी पाहिली. माया देवळांच्या पायऱ्यांतून फुटलेली मुळं बघून आईनं लगेच आपल्या गावच्या पडक्या वाड्याची आठवण काढली! कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार 1839 मध्ये प्रवासलेखक स्टीफन्सबरोबर मध्य अमेरिकेतल्या कोपानला पोचला. चिखलात पाय, डासांपायी हातात मोजे. समोरचं दृश्य कागदावर दाखवणारा कॅमेरा ल्युसिडा जवळ असूनही सुरुवातीचे कागद वाया गेले, कारण तसलं कोरीवकाम त्याच्या डोळ्यांना परकंच होतं. दुसरा एक चित्रकार, वाल्डेक, त्यानं तर पालेंकेच्या कोरीवकामात चक्क हत्तीची तोंडं काढली होती.

असाच एक लेण्यांपायी वेडा झालेला चित्रकार आपल्या ठाण्यात वारला.

जेम्स वेल्स, स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. 1791 मध्ये मुंबईत उतरला, पुण्यात सवाई माधवरावांचं, नाना फडणवीसांचं चित्र काढलं आणि मग घारापुरी, कार्ले, वेरूळ असा भटकत राहिला. कान्हेरीत काम करताना ताप भरला असं सांगतात. 1795 मध्ये ठाण्यात तो गेला.

वेरूळची त्याची रेखाटनं लंडनला पोचली. तिथं चित्रकार थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली ती तांब्याच्या पत्र्यावर उतरली. पत्र्यावर राळेची भुकटी, मग आम्ल. पत्रा जितका वेळ आम्लात, तितकी सावली गडद. 1803 मध्ये 24 चित्रांचा संच निघाला. गंमत म्हणजे डॅनियल वेल्सबरोबर घारापुरीला हिंडला होता, पण वेरूळला कधीच गेला नव्हता. तेव्हा त्या सावल्या किती वेरूळच्या आणि किती लंडनच्या, कोण सांगणार?

संचाच्या मुखपृष्ठावर नावं वेल्स आणि डॅनियलची. पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट तिथं नाही. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी त्यानं वेल्सच्या आधीच वेरूळ रेखाटलं होतं. त्याच्या आकृत्या जरा ताठ आहेत, कबूल. पण कैलास हलवणारा रावण कोण, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नसणार. कॅथरवुडला ती सोय नव्हती. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तुम्हाला जवळ पडेल. जमल्यास बघून कळवा.

दिवाळीत आलात की अंबरनाथला जाऊ. 1060 च्या तिथल्या शिवमंदिराची चित्रं आणि साचे 1868 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरींच्या हाताखाली तयार झाले होते. येताना मामींनाही आणा.

तुमची,
भाची